मागची पिवळी पाटी

सियागंजातल्या गर्दीत गाडी जराशी थांबली, तेवढ्यात एका माणसानं मागचं दार उघडलं, दोन गोण्या आत ढकलल्या, स्वतः त्यांच्या शेजारी बसला आणि गमछ्यानं मान पुसत म्हणाला, "सांवेर."

पुढच्या सीटवर सुक्या खोबऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या जयसिंगरावांनी मान वळवली.

"भाई साहब, ये टॅक्सी नहीं है."

"पीछे नंबर तो पीला है," तो माणूस शांतपणे म्हणाला. उतरण्याचा त्याचा विचार दिसत नव्हता.

पाटी पिवळी होती हे खरंच. गाडी इंग्लंडातली, आणि तिकडे गाडीला पुढे पांढरी आणि मागे पिवळी पाटी असते. इंदुरात मात्र पिवळी पाटी म्हणजे भाड्याची गाडी. आता हा भूगोल भर सियागंजात, मागून टेम्पोवाले हॉर्न देत असताना, कुणाला समजावत बसायचा? जयसिंगरावांनी मुलाकडे पाहिलं. स्टिअरिंगवर बसलेला भूषण हसत होता.

"बसू द्या ना बाबा. जाऊन येऊ सांवेरला."

"अरे, आपण काय भाडी मारायला निघालोय?"

"कितने साल हो गए सांवेर बघून. चला."

आणि तो खरोखरच गेला. सांवेरच्या रस्त्याला सोयाबीन काढणीला आलं होतं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या, आणि भूषण मागच्या पाहुण्याला यंदा पाऊस कसा झाला, भाव काय निघेल, असं विचारत आरामात चालला होता. पाहुण्यानं देऊ केलेले पैसे त्यानं घेतले नाहीत. मग त्या माणसानं घरातून चार भुट्टे आणून जयसिंगरावांच्या मांडीवर ठेवले. परतीच्या वाटेवर ते खोबऱ्यावर भुट्टे आणि भुट्ट्यांवर हात ठेवून बसले होते. पागनिसांच्या घराण्यात गाडी हाकून भाडं कमावणारा हा पहिलाच निघाला, एवढंच त्यांना राजेंद्र नगरातलं घर येईपर्यंत सुचत राहिलं.

घराणं तसं जुनं. होळकरांच्या पागेत या लोकांनी पिढ्यानपिढ्या चाकरी केली. लढाया किती मारल्या हे घरात कुणी सांगत नसे, कारण मारल्याच नव्हत्या; ते घोड्यांची नोंद ठेवत. नवा घोडा आला की त्याचा रंग, भोवरे, उंची लिहून घ्यायची आणि त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडानं दरबारचा डाग उठवायचा. डाग नसलेला घोडा दरबारचा नाही, आणि खंडेनवमीला तो पूजेच्या रांगेत उभा राहणार नाही, असा तिथला कायदा. पुढे पागा गेली, घोडे गेले, जयसिंगराव वीज मंडळात नोकरी करून निवृत्त झाले. कायदा तेवढा घरात शिल्लक राहिला. त्यांनी पहिली स्कूटर घेतली तेव्हा नंबर येण्याआधीच खंडेनवमी आली, तर नवी कोरी स्कूटर फाटकाबाहेर उभी करून त्यांनी जुन्या सायकलीची पूजा केली होती. त्यांच्या पत्नी मंगलाबाई अजून त्यावर हसत.

त्यामुळे सांवेरहून आल्या आल्या त्यांनी बूट काढता काढता जाहीर केलं, "दसऱ्याच्या आत या गाडीला इथला नंबर लागला पाहिजे. नाहीतर ती पूजेत नाही."

"अहो, गाडी आहे ती. घोडा नाही," मंगलाबाई म्हणाल्या.

"तेच. घोड्याला निदान कुणी 'सांवेर चलोगे' विचारत नाही."

भूषण श्रावणात आला होता, तो थेट लीड्सहून गाडी चालवत. चौदा वर्षं तिकडे काढल्यावर त्याला एकाएकी हे सुचलं. नोकरीतून लांब रजा घेतली, आणि कुठले कुठले देश ओलांडत नेपाळमार्गे एका सकाळी फाटकाशी येऊन हॉर्न वाजवला. कॉलनीत त्याचं कोण कौतुक झालं. पोरं गाडीवर हात फिरवून गेली, एका हिंदी पेपरात फोटो आला. बायको, ईशा, लीड्सलाच होती. तिला इस्पितळातल्या लॅबमधून सुट्टी नव्हती. महिना-दीड महिना राहायचं, गाडी मुंबईहून जहाजावर चढवायची आणि आपण विमानानं परत जायचं, असा त्याचा बेत होता.

मग सांवेरच्या त्या फेरीच्या काही दिवस आधी, एका रात्री वरणभात कालवता कालवता तो म्हणाला, "गाडी इथेच ठेवली तर?"

जयसिंगरावांचा घास हातात राहिला. गाडी इथे ठेवणार म्हणजे गाडीचा मालकही राहणार, हे त्यांनी मनाशी लगेच धरलं. भूषणनं आता इथेच राहावं असं त्यांना फार वाटत होतं. आपण म्हातारे झालो म्हणून नव्हे. मुलगा घरात असला की त्यांना सकाळी लवकर जाग येई आणि पेपर वाचताना कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवावासा वाटे, म्हणून. पण ते त्याला कधी विचारत नव्हते. विचारलं की उत्तर मिळतं, आणि उत्तर हवं तेच मिळेल याची खात्री कोण देणार?

"ठेव की," ते एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून ते कामाला लागले. बाहेरची गाडी इथली करून घेणं म्हणजे नमनालाच घडाभर तेल. आधी कस्टमचा कर, मग तपासणी, मग आरटीओ. भूषणनं कर तक्रार न करता भरला, पण स्वतः तो एकदाही कचेरीत आला नाही. "बाबा, तुम्हीच बघा ना," म्हणायचा आणि शाळेतल्या मित्रांबरोबर पोहे-जलेबी खायला निघून जायचा. रविवारी ईशाचा फोन आला की तो उठून गच्चीवर जाई. वरून फक्त "हो... हां... बघतो ना" एवढं ऐकू येई. चौदा वर्षांत पोरगा आळशी झाला, असं जयसिंगरावांनी ठरवून टाकलं आणि त्याच्या वाटची धावपळही आपल्या अंगावर घेतली.

आरटीओबाहेर नंदूचं टेबल होतं. नंदू भूषणचा वर्गमित्र, आता गाड्यांच्या कागदांचा एजंट. दोन फोन, एक छत्री आणि दिवसभराची बडबड, एवढ्यावर त्याचा धंदा चाले.

"काका, बधाई हो," जयसिंगराव दिसताच त्यानं आरोळी दिली. "सब हो गया. आता फक्त तुमची एक साईन."

"माझी? गाडी तर भूषणच्या नावावर आहे."

"हो, पण भूषण भियाचा पत्ता कोणता टाकायचा? मकान तुमच्या नावावर. तर तुम्ही लिहून द्यायचं की माझा मुलगा माझ्या घरी, माझ्याजवळ राहतो. बस. दुसऱ्या दिवशी पाटी."

जयसिंगरावांनी खिशातून पेन काढलं. हे वाक्य लिहायला त्यांना कुणी सांगावं, याचीच ते जणू वाट पाहत होते.

"और फिर भिया भी फ्री," नंदू चहावाल्याला दोन बोटं दाखवत म्हणाला.

"फ्री म्हणजे?"

"म्हणजे गाडी आली ना त्यांच्या पासपोर्टावर. दोघांची एंट्री साथ में. गाडी एकतर परत गेली पाहिजे, नाहीतर इथली झाली पाहिजे. तोपर्यंत मालकाला देश सोडता येत नाही. अभी तो भिया गाडीला बांधलेले आहेत समजा. हे झालं की कभी भी उडो."

जयसिंगरावांच्या पेनचं टोपण निघालेलं होतं. त्यांनी ते परत लावलं.

"त्याला ठाऊक आहे हे?"

"कुणास ठाऊक. मी तर कधी बोललो नाही. ते इकडे आलेच कुठे?" नंदूनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. तो बडबड्या असला तरी मूर्ख नव्हता. "काका, घाई नसेल तर राहू दे. दिवाळीपर्यंत फाइल आरामात खिंच जाएगी. उसके बाद भी. माझ्याकडून कुणाला कळणार नाही."

घोडं कुठे पेंड खात होतं ते असं अगदी शेवटच्या सहीशी येऊन कळलं. ज्या पाटीसाठी त्यांनी महिनाभर चपला झिजवल्या, ती लागली की मुलगा मोकळा. नाही लागली तर तो इथेच. चहा आला तो त्यांनी उभ्यानंच घेतला आणि तो कागद कोरा घरी आणला.

घरी त्यांनी सांगितलं, नंदू बाहेरगावी गेलाय. आयुष्यात फारसं खोटं न बोललेल्या माणसाचं खोटं जसं असतं तसंच ते होतं. त्यांनी ते दोनदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा गाव बदललं. मंगलाबाईंनी भुवया वर केल्या. भूषणनं मात्र काहीच विचारलं नाही.

"नसू दे ना बाबा. कौन सी जल्दी है," तो म्हणाला आणि वाटीत आणखी आमटी वाढून घेतली.

पोरगा समजूतदार आहे, मनातलं दाखवत नाही, असं जयसिंगरावांना वाटलं आणि त्यांना जास्तच अपराधी वाटू लागलं. नवरात्र बसलं. देवीपुढे रोज माळ चढत होती, आणि ते आरतीला उभे राहून मुलगा राहावा एवढंच मनात मागत होते, पण ते देवीसमोर उघड बोलायची लाज वाटत होती. मुलाला अडकवून ठेवलं तर तो राहील, पण ते राहणं कसलं? आणि मोकळं केलं तर? दोन्हीकडून मन त्यांनाच खात होतं.

सप्तमीच्या संध्याकाळी ते दूध घेऊन परत आले, तेव्हा भूषण गाडीत बसलेला दिसला. गाडी आवारातच उभी होती, इंजिन बंद, काचा वर. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि तो समोरच्या कंपाउंडच्या भिंतीकडे पाहत होता. शेजारच्या सीटवर फोन पडला होता आणि त्याचा उजेड लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता. भूषण तो उचलत नव्हता. जयसिंगराव फाटकाशी थांबले. दूध हिंदकळू नये म्हणून त्यांनी बरणी दुसऱ्या हातात घेतली. मुलानं त्यांना पाहिलं नाही.

दाव्याला बांधलेलं जनावर असंच उभं राहतं. घरी जायचं आहे पण निघता येत नाही, बायको फोन करते आणि तिला सांगायला काही नाही. हे सगळं आपल्या हातातल्या एका सहीनं अडलंय. जयसिंगराव बरणी ओट्यावर ठेवून खोलीत गेले, आणि मंगलाबाई "गाळून ठेवू का?" विचारत असतानाच त्यांनी कागदावर लिहून टाकलं की माझा मुलगा माझ्या घरी, माझ्याजवळ राहतो. खाली सही केली. सही नेहमीपेक्षा जरा मोठी आली.

नंदूनं शब्द पाळला. अष्टमीला दुपारी तो स्वतः पाट्या घेऊन घरी आला, जुन्या काढल्या, नव्या बसवल्या. पुढे पांढरी, मागेही पांढरी, एमपी ०९ आणि पुढचा नंबर. कॉलनीतली दोन-चार माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "चलो, अब अपनी हुई." मंगलाबाईंनी नंदूच्या हातावर पेढा ठेवला.

भूषण आतून केस पुसत आला आणि पायरीवरच थांबला.

"झालं?"

"झालं," जयसिंगराव म्हणाले. "तू आता मोकळा."

"एवढ्यात?"

"महिना लागला रे. एवढ्यात काय?"

भूषण खाली उतरला. गाडीमागे जाऊन त्यानं पाटीवरून अंगठा फिरवला, एकेका अक्षरावरून. मग काढून ठेवलेली पिवळी पाटी भिंतीला टेकवलेली होती, ती उचलून उलटसुलट पाहिली.

"थँक्यू बाबा," तो म्हणाला. "तुम्ही बहुत केलं."

त्या रात्री तो नीट जेवला नाही. तिकिटाचा विचार करत असेल, असं समजून जयसिंगरावांनी त्याला आग्रह केला नाही. आता दिवाळी तरी करून जाईल का, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तोही विचारायचा नव्हता. त्यांना रडू आलं असतं तरी चाललं असतं. पण आलं नाही, नुसती झोप उडाली.

खंडेनवमीच्या सकाळी आवार धुऊन निघालं होतं. पाटावर घरातली हत्यारं मांडली गेली: पक्कड, पान्हे, जयसिंगरावांचा वीज मंडळातला टेस्टर, मंगलाबाईंची विळी आणि शिवणयंत्राची कात्री. शेजारी स्कूटर. आणि रांगेत पहिली, आवाराच्या मध्यावर, भूषणची गाडी. मंगलाबाईंनी झेंडूचा जाड हार स्वतः ओवला होता. जयसिंगरावांनी तो बॉनेटच्या पुढच्या जाळीला बांधला, जरा मागे सरून पाहिलं आणि हार थोडा वर घेतला. खालची पाटी पूर्ण दिसायला हवी होती. मालक जाणार असला काय, राहणार असला काय, आज गाडी घरची होती. त्यांनी तिला हळदकुंकू लावलं.

तेवढ्यात ईशाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे अजून नीट उजाडलंही नसेल. आज भूषणला गच्चीवर जाता आलं नाही. आईनं त्याच्या हातात नारळ दिलेला होता. नारळ काखेत धरून, गाडीकडे पाठ करून, पडद्यात नुसता चेहरा मावेल इतका जवळ त्यानं फोन धरला.

"हॅपी खंडेनवमी," ईशाचा आवाज झोपाळलेला पण मोकळा होता. "पूजा झाली का? मी मुद्दाम गजर लावून उठले. आणि तुझ्या गाडीचं काय झालं रे? काही हललं का?"

जयसिंगरावांच्या हातात निरांजनाचं तबक होतं. ते मुलापासून चार हातांवर उभे होते.

"नाही गं," भूषण म्हणाला. "अजून तिथेच आहे. इथली ऑफिसं तुला माहीत आहेत. आणि ते झाल्याशिवाय मला निघता येत नाही, सांगितलं ना तुला."

सांगताना त्याचा आवाज अगदी सरळ होता. हे वाक्य त्यानं आज पहिल्यांदा म्हटलेलं नव्हतं.

मंगलाबाईंनी अक्षतांची वाटी हळूच पाटावर ठेवली. जयसिंगरावांनी मुलाच्या पाठीकडे पाहिलं. भूषणनं मागे वळून पाहिलं नाही, पण त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी होत तसे. निरांजनाची ज्योत वाऱ्यानं लवली, तिच्याभोवती जयसिंगरावांनी हात धरला.

"आई-बाबांना दाखव की. नमस्कार करते," ईशा म्हणाली. "आणि गाडीची पूजा दाखव."

भूषणचा हात जागचा हलला नाही. फोन जरासा बाजूला केला की नवी पाटी समोर आली असती, हळदकुंकू लावलेली, उन्हात चमकणारी.

ईशा चांगली मुलगी होती. मागच्या खेपेला आली तेव्हा ती मंगलाबाईंना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती, आणि जयसिंगरावांना तिच्याबद्दल माया होती. आपण काय करतो आहोत हे त्यांना पक्कं कळत होतं. त्यांनी तबक बॉनेटवर टेकवलं, वाकून झेंडूचा हार जाळीवरून खाली ओढला, पाटीवर नीट पसरला, आणि तरीही कडेचा एक आकडा दिसतो आहे असं वाटून ते स्वतः त्याच्यासमोर उभे राहिले.

"दे इकडे," ते म्हणाले.

भूषणनं आता वळून पाहिलं. त्याची नजर हारावर गेली, मग वडिलांवर. त्यानं फोन त्यांच्याकडे केला.

"नमस्कार बाबा. किती छान हार घातलाय! तुम्ही तरी सांगा ना मला, हे नक्की कधी होणार? भूषण काही धड सांगतच नाही."

जयसिंगरावांनी चष्मा नाकावर नीट केला.

"काय सांगू बेटा," ते म्हणाले. "सरकारी काम, सहा महिने थांब."